बाथरूमच्या सांध्यांतली काळी बुरशी : खानदेशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढात झड लागली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. रोज घासूनही सांधे काळे का, कोणतं औषध मारू, सांध्यांत इपॉक्सी (राळेचा, पाणी न शोषणारा मसाला) करून घेऊ का. खालची उत्तरं त्याच प्रश्नांवरून तयार केली आहेत. घाईत असाल तर प्रश्न ७, ९ आणि १३ तेवढे नक्की वाचा. त्यातही ९ आधी वाचा, कारण तिथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

१. टाइल्सच्या मधल्या रेघा काळ्या पडल्यात. ही बुरशीच आहे की नुसता मळ?

कान साफ करायची कापसाची काडी पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवा, एका काळ्या ठिपक्यावर टेकवा आणि दहा मिनिटं थांबा. ठिपका फिकट झाला तर ती बुरशी समजा. तसाच राहिला तर तो मळ, साबणाचा थर किंवा पाण्यातल्या लोहाचा डाग असण्याची शक्यता जास्त. बोअरच्या पाण्याचा डाग काळ्यापेक्षा तांबूस-तपकिरी असतो. तो ब्लीचने जात नाही, उलट कधी कधी आणखी पक्का होतो. सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, रंगीत असेल तर ही चाचणी दाराआडच्या कोपऱ्यात करा, कारण ब्लीचने रंगही उडतो. पांढऱ्या थरासाठी प्रश्न १२ आणि गुलाबी थरासाठी प्रश्न ४ पाहा.

२. खानदेशात एवढं कडक ऊन असतं. मग बुरशी येतेच कशी?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बाहेरची हवा अगदी कोरडी असते, हे खरं. पण बाथरूमला स्वतःचं हवामान असतं. ५ बाय ८ फुटांच्या बंद खोलीत चार-पाच माणसं एकापाठोपाठ आंघोळ करतात, दार लावून घेतलं जातं आणि खिडकी असते वीतभर. तिथे दमटपणा तासन् तास टिकतो. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, ते कोणी आणावे लागत नाहीत. पृष्ठभाग दिवस-दोन दिवस ओला राहिला आणि खायला साबण, तेल, त्वचेचा कोंडा मिळाला की ते रुजतात.

आपल्याकडे हा त्रास वर्षातून तीनदा डोकं वर काढतो. पहिला आणि मोठा फेरा जून ते सप्टेंबर. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात पाऊस जास्त, म्हणून तिथे त्रासही जास्त. दुसरा डिसेंबर-जानेवारीत. धुळ्याकडे रात्रीचं तापमान १० अंशांखाली उतरतं, भिंत गार पडते आणि गिझरच्या कढत पाण्याची वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते. तिसरा फेरा उन्हाळ्यातला, तो कूलरमुळे. त्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. टाइल चकचकीत राहते आणि फक्त सांधाच काळा होतो, असं का?

टाइलच्या वर काचेसारखा थर असतो, त्यात पाणी शिरत नाही. सांधा मात्र सिमेंटचा असतो आणि त्यात बारीक छिद्रं असतात. आंघोळ झाली की टाइल थोड्या वेळात कोरडी होते, सांध्याच्या पोटातलं पाणी तसंच राहतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत मिस्त्री तयार ग्राउट न वापरता नुसतं व्हाइट सिमेंट पाण्यात कालवून दर्जा, म्हणजे सांधे, भरतात. ते सच्छिद्र असतं, आकसतं आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांत ब्रश पोहोचत नाही, बुरशी पोहोचते.

"घर बांधलं तेव्हा वर्षभर काहीच नव्हतं, आता अचानक कुठून आलं" असंही बरेच जण विचारतात. ताजं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, त्यावर बुरशीला जगता येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला गेला की हा गुण हळूहळू कमी होतो. सांधा दिसायला तोच असतो, पण बुरशीला राहण्याजोगा झालेला असतो.

४. नहाणी ट्रॅपभोवती आणि बादलीच्या बुडाला गुलाबी चिकट थर येतो. हीपण बुरशी का?

नाही, बहुतेक वेळा तो जिवाणूंचा थर असतो. सेराशिया मार्सेसेन्स हा त्यातला नेहमीचा. तोही साबणाच्या अवशेषांवर वाढतो. निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही, पण लहान बाळाची किंवा आजारी माणसाची बादली, मग आणि टब वेगळा व स्वच्छ ठेवा. घासून, मग प्रश्न ७ मधल्या द्रावणाने पुसून घेतला की जातो. ओल राहिली की परत येतो.

५. करोनाच्या वेळी जी "ब्लॅक फंगस" होती, तीच ही आहे का?

नाही. २०२१ मध्ये ज्या आजाराने लोक हादरले तो म्युकरमायकोसिस. तो म्युकोरेल्स गटातल्या बुरशींमुळे होतो आणि अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा जास्त वापर, खालावलेली प्रतिकारशक्ती अशा स्थितीत गाठतो. त्या आजारातला काळेपणा मृत झालेल्या पेशींचा असतो, बुरशीच्या रंगाचा नव्हे. सांध्यांवर दिसते ती बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, ऑरिओबॅसिडियम अशा गटांतली असते. नुसता काळा रंग पाहून ती किती घातक आहे हे ठरवता येत नाही.

६. घरात दम्याचा माणूस आणि लहान बाळ आहे. किती काळजी करावी?

घाबरून जाऊ नका, पण "चालतंय" म्हणून सोडूनही देऊ नका. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे गेले की दमा बळावू शकतो, शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं सुरू होऊ शकतं. दम्याचा त्रास असलेल्या माणसाने स्वतः घासायला बसू नये. बुरशीचा आणि ब्लीचचा, दोन्हीचा त्रास त्याला होतो. साफसफाईच्या वेळी बाळ आणि आजारी माणूस दुसऱ्या खोलीत असावं आणि बाथरूम कोरडं होऊन वास गेल्यावरच त्यांनी आत जावं. केमोथेरपी चालू असलेला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण घरात असेल, तर डॉक्टरांना घरातल्या बुरशीची कल्पना जरूर द्या.

७. साफ करायची नेमकी पद्धत सांगा.

सकाळच्या आंघोळी उरकल्यावर हे काम काढा, म्हणजे पुढे दिवसभर बाथरूम मोकळं मिळतं. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, दार सताड ठेवा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात जुने कपडे.

आधी कपडे धुण्याची पावडर आणि साध्या पाण्याने सांधे घासा. ही पायरी लोक गाळतात आणि मग ब्लीच चालत नाही म्हणतात. साबण-तेलाचा थर वर असेल तर ब्लीचची ताकद त्या थरावरच खर्च होते, आत काहीच पोहोचत नाही. नायलॉनचा ताठ ब्रश किंवा जुना टूथब्रश घ्या. तारेचा ब्रश नको, तो सांधा खरवडतो आणि त्याच्या तारेचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. घासून झालं की भरपूर पाणी टाका आणि वायपर मारून पाणी काढा.

मग द्रावण. सोडियम हायपोक्लोराइटचं ५ टक्क्यांच्या आसपासचं द्रव ब्लीच एक वाटी आणि गार पाणी नऊ वाट्या. गरम पाणी घेऊ नका, वाफा वाढतात आणि ब्लीच लवकर निकामी होतं. लागेल तेवढंच कालवा, उरलेलं साठवू नका. खानदेशच्या उन्हाळ्यात तर बंद बाटलीतल्या ब्लीचचा जोरही झपाट्याने उतरतो, म्हणून खरेदी करताना बाटलीवरची तारीख बघून घ्या.

उभ्या भिंतीवर द्रावण लावलं की ते दोन मिनिटांत ओघळून खाली येतं, सांध्यात थांबत नाही. त्यासाठी कापसाच्या लांब वाती वळा, देवासमोरच्या फुलवातीपेक्षा जाड, करंगळीएवढ्या. द्रावणात बुडवून हलक्या पिळा आणि काळ्या सांध्यावर ओळीने दाबून बसवा. ओल्या कापसाला भिंत धरून ठेवते. पंधरा मिनिटांनी एक वात उचलून बघा. खालची रेघ पांढरी झालेली दिसेल. फार जुना डाग असेल तर ताजी वात लावून आणखी पंधरा मिनिटं द्या. नंतर वाती प्लास्टिकच्या पिशवीत भरून टाका, भिंत दोनदा धुवा, नळ आणि शॉवरवर उडालेलं द्रावण पुसून घ्या, कारण क्रोमचा मुलामा ब्लीचने खराब होतो. शेवटी वायपर, कोरडं फडकं आणि पंखा.

द्रावण फवारू नका. बारीक तुषार थेट छातीत जातात.

८. बाजारात ब्लीच मिळत नाही, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर घरात आहे. ती चालेल का?

चालेल. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, घातली की प्रश्न ७ मधल्या द्रावणाइतकीच ताकद येते. प्लास्टिकच्या भांड्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ तेवढी वापरा. गाळ सांध्यात गेला तर पांढरे फराटे उठतात. पावडर ओलसर होऊन गोळे झाले असतील आणि वास उरला नसेल, तर ती निकामी झाली आहे.

९. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करून टाकलं तर जोर वाढेल ना?

कधीही, कोणत्याही प्रमाणात एकत्र करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. बाथरूमसारख्या लहान बंद खोलीत पळायलाही वेळ मिळत नाही. किराणा दुकानातलं ॲसिड, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांना हाच नियम लागू. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात.

नुसतं एका बादलीत न मिसळणं पुरेसं नाही. सकाळी फरशीवर ॲसिड टाकलं आणि तासाभराने शेजारच्या भिंतीवर ब्लीच लावलं, तरी दोन्ही एकाच नहाणीत भेटतात. एका दिवशी एकच रसायन वापरा आणि मध्ये भरपूर पाणी सोडा. घरकामाला मावशी येत असतील तर त्यांना हे समोर बसून सांगा, दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचून त्यांनी समजून घ्यावं ही अपेक्षा रास्त नाही, जबाबदारी घरच्यांची आहे.

घशात जळजळ, खोकला, डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर सगळं जागच्या जागी टाकून मोकळ्या हवेत या. बाटली उचलायलाही परत आत जाऊ नका. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा.

१०. ॲसिडने टाइल्स चकाचक होतात. वर्षानुवर्षं आम्ही तेच वापरतो. बिघडतं काय?

टाइलचं लगेच फारसं बिघडत नाही, सांध्याचं बिघडतं. ॲसिड सिमेंटला विरघळवतं. ओतल्यावर जो फेस येतो आणि "मळ निघतोय" असं वाटतं, तो बराचसा सांधाच निघत असतो. वर्षभर दर महिन्याला ॲसिड टाकलं की सांधा टाइलच्या पातळीखाली खोल जातो, त्या खाचेत पाणी साचतं आणि बुरशीला आधीपेक्षा चांगली जागा मिळते. पुढे पाणी टाइलमागे उतरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. ज्या घरांत बुरशी हटता हटत नाही, तिथे ॲसिडची बाटली आहे का हे आधी विचारावं.

११. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, कडुनिंब, रॉकेल यांतलं काय चालतं?

खाण्याचा सोडा घासायला चांगला, सौम्य आहे, सांध्याला इजा करत नाही. पण तो बुरशी मारतो असं समजू नका. लिंबू आणि व्हिनेगर सौम्य असले तरी आम्लच. काचेवर, नळावर चालतात, सिमेंटच्या सांध्यावर वारंवार नको. कडुनिंबाचा पाला उकळून लावल्याने सांध्यात मुरलेला डाग निघत नाही आणि कडुनिंबाचं तेल लावलं तर तेलकट थरच वाढतो. रॉकेल अजिबात नको, आगीचा धोका आहे.

ब्लीचचा वास सहन होत नसेल त्यांच्यासाठी चांगला पर्याय म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. ६ टक्क्यांचं मिळालं तर तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करा आणि प्रश्न ७ सारख्याच वाती लावा. थोडं हळू काम करतं, पण त्याच्या वाफा नकोशा नसतात. ते ब्लीच किंवा व्हिनेगरमध्ये मात्र मिसळू नका.

१२. बोअरच्या पाण्याने टाइल्सवर पांढरा खरखरीत थर बसतो आणि त्याच्यावरच काळं येतं. आधी काय काढू?

आधी पांढरा. तो पाण्यातल्या क्षारांचा थर असतो आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागात साबण अडकतो. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून जेवढा निघेल तेवढा काढा. उरलेल्यासाठी एक लिटर पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. लावण्याआधी सांधे साध्या पाण्याने पूर्ण भिजवून घ्या. भरलेल्या छिद्रांत आम्ल कमी शिरतं. द्रावण फडक्याने टाइलवरच लावा, पाच मिनिटांत धुवा. ब्लीच दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

सांध्यातूनच पिठासारखी पांढरी पूड बाहेर येत असेल, तर तो लोणा आहे. भिंतीच्या आतली ओल क्षार घेऊन बाहेर येते. तिथे घासण्यात वेळ घालवू नका, थेट प्रश्न १९ कडे जा.

१३. सगळं नीट केलं, सांधे पांढरेशुभ्र झाले, आणि पंधरा दिवसांत परत काळे. आता काय?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट अमलात आणलं तर बाकीच्या निम्म्या प्रश्नांची गरज उरणार नाही. ब्लीचने आजची बुरशी मेली, उद्याची नाही. ओल तशीच राहिली तर नवे बीजाणू येऊन बसणारच. म्हणून सांधा दोन आंघोळींच्या मध्ये वाळतो का, एवढंच बघा.

शेवटची आंघोळ झाली की भिंतींवरून आणि फरशीवरून वायपर मारायचा. दोन मिनिटांचं काम आहे. वाफ होऊन हवेत जाणारं पाणी त्यामुळे थेट नहाणीत जातं. आपल्याकडे वायपर फक्त जमिनीला मारतात, भिंतीला मारायची सवयच नाही. एक छोटा हातातला वायपर शॉवरच्या नळाला अडकवून ठेवा आणि "जो शेवटी आंघोळ करेल त्याने भिंत पुसायची" असा घरचा नियम करा. हे काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडू नये.

मग कोपरे बघा. शाम्पूच्या बाटल्यांचं शेल्फ, साबणदाणी, भिंतीला टेकवलेला प्लास्टिकचा पाट, पालथी न घातलेली बादली यांच्या मागे आणि खाली हवा फिरत नाही. बाटली उचला, तिच्या बुडाखाली सांध्यावर ओल्या साबणाचं गोल कडं दिसेल, काळेपणा तिथूनच पसरतो. ओले टॉवेल आणि पावसाळ्यातले कपडे बाथरूममध्ये वाळत घालू नका. दिवाळीच्या अभ्यंगानंतर, किंवा घरात बाळाची मालिश चालू असेल तर, तेल-उटण्याचा थर त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन काढा.

फरशीला ढाळ नसेल तर मात्र हे सगळं अपुरं पडतं. १०० सेंटिमीटरला किमान १ सेंटिमीटर उतार नहाणीकडे हवा. बादलीभर पाणी ओता. पंधरा मिनिटांनी जिथे डबकं उरेल, तिथलेच सांधे आधी काळे होतात.

१४. पावसाळ्यात बाहेरच दमट असतं. खिडकी उघडून उपयोग काय?

आंघोळीनंतर लगेचच्या अर्ध्या तासात उपयोग आहे, कारण त्या वेळी आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असते. त्यानंतर, झड लागलेली असताना, नुसत्या खिडकीने भिंत वाळत नाही. तेव्हा बाथरूमचं दार उघडं ठेवा आणि शेजारच्या खोलीतल्या पंख्याचा वारा आत जाऊ द्या. वाटीत मीठ ठेवणं किंवा ओलावा शोषणाऱ्या डब्या टांगणं कपाटापुरतं ठीक आहे, रोज बादल्यांनी पाणी पडतं तिथे त्याचा पाड लागत नाही.

१५. एक्झॉस्ट फॅन किती मोठा आणि किती वेळ?

खोलीतली हवा तासाला आठ वेळा बदलावी असा ठोकताळा धरा. ५ बाय ८ फूट आणि १० फूट उंची म्हणजे ४०० घनफूट. आठ वेळा म्हणजे तासाला ३,२०० घनफूट, मिनिटाला साधारण ५३. ६ इंची साधा फॅन एवढं सहज करतो, मोठ्याची गरज नाही. आंघोळीच्या वेळी आणि नंतर अर्धा तास चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट हवी, बाहेरून हवा आत आलीच नाही तर फॅन नुसता फिरतो. फ्लॅटमध्ये फॅन डक्टमध्ये सोडलेला असेल तर डक्टवर कोणी पत्रा टाकून बंद केलाय का ते बघून या. लाइट गेली की वायपर आहेच.

१६. मे महिन्यात दिवसभर कूलर चालू असतो. त्याचा बुरशीशी संबंध आहे का?

आहे. कूलर हवेत पाणी मिसळूनच गारवा देतो. समोरची खिडकी उघडी असेल तर ती दमट हवा बाहेर निघून जाते. आपण गारवा टिकावा म्हणून सगळं बंद करतो, मग घर चिकचिकीत होतं आणि बाथरूमचे सांधे उन्हाळ्यातही वाळत नाहीत. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गारवाही वाढतो.

१७. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ड्रम बाथरूममध्येच भरून ठेवावे लागतात. काय करू?

आपल्याकडे बऱ्याच गावांत ही अडचण आहे आणि ड्रम काढून टाका म्हणण्यात अर्थ नाही. घट्ट झाकण लावा, त्याने डासही टळतात. ड्रम भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर ठेवा, म्हणजे मागून आणि खालून हवा जाईल. पाणी येतं त्या दिवशी, ड्रम रिकामा असताना, त्याच्यामागची भिंत घासून घ्या.

१८. थंडीत गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय. गॅस गिझर आत आहे. चालेल?

पुठ्ठा आजच काढा. हा प्रश्न बुरशीचा राहिलेलाच नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध पडतो आणि मरतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा असतो. तो बाहेर हलवेपर्यंत बादलीत पाणी भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा.

१९. बाकी सगळीकडे स्वच्छ आहे, पण एकाच जागी बुरशी परत परत येते.

तिथे बहुधा आतून ओल येते आहे. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा कोरड्या केलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस त्या भिंतीवर पाणी पडू देऊ नका. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली. टाइलवर आतली ओल सांध्यातूनच बाहेर पडते, म्हणून तुकड्याखाली दोन-तीन सांधे येतील असा लावा. ही भिंत पलीकडून प्लास्टरची असेल तर तीच चाचणी त्या बाजूनेही करा.

भिंतीतून येत असेल तर रात्री सगळे नळ बंद करून टाकीच्या पातळीवर खूण करा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर पाइपमध्ये गळती आहे, प्लंबरकडून दाबाची चाचणी करून घ्या. उतरली नाही तर संशय वरच्या मजल्याच्या बाथरूमवर, ड्रेनेजच्या पाइपवर किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीच्या भेगांवर. गळती थांबल्याशिवाय नवं ग्राउट भरू नका, पैसे वाया जातात.

२०. ग्राउट काढून नवं कधी भरावं? सिमेंटचं की इपॉक्सी?

सांधा भुसभुशीत झाला असेल, नखाने उकरला जात असेल, खोल गेला असेल किंवा ब्लीचनंतरही आतून काळा दिसत असेल तर भरा. नुसता डाग असेल तर गरज नाही. वरून पातळ थर देऊन कोणी "करून देतो" म्हणालं तर नको म्हणा. जुना सांधा टाइलच्या जाडीच्या निदान दोनतृतीयांश खोलीपर्यंत काढला पाहिजे, नाहीतर नवा थर काही महिन्यांत पोपडे होऊन सुटतो.

इपॉक्सी पाणी शोषत नाही, डाग धरत नाही, सौम्य आम्लालाही दाद देत नाही. महाग आहे आणि मिस्त्री अनुभवी हवा, कारण टाइलवर राहिलेला थर वेळेत पुसला नाही तर तो घट्ट चिकटतो. माझं मत असं की सगळ्या बाथरूमला परवडत नसेल तर शॉवरखालची भिंत आणि फरशी एवढ्यालाच इपॉक्सी करा, वरच्या भागाला सिमेंटचं चांगलं ग्राउट पुरतं. इपॉक्सीवरही साबणाचा थर साचला तर बुरशी येते, फक्त ती वरवर असते आणि पुसून निघते.

काम काढायचा महिना इथे महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात सांधे आतून वाळलेले नसतात, ओल आत कोंडली जाते. एप्रिल-मेच्या उन्हात सिमेंटचं ग्राउट भराभर सुकून तडकतं आणि कालवलेलं इपॉक्सी भांड्यातच घट्ट होतं. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात सोयीचा. उन्हाळ्यातच करावं लागलं तर काम पहाटे सुरू करा, इपॉक्सी थोडं थोडं कालवा आणि सिमेंटच्या सांध्यांवर दोन-तीन दिवस हलका पाण्याचा हात फिरवत राहा. तेवढे दिवस आंघोळीची सोय दुसरीकडे.

२१. सीलर (सांध्यात पाणी मुरू न देणारं द्रव) लावून फायदा होतो का?

सिमेंटच्या ग्राउटला होतो, इपॉक्सीला गरज नाही. सांधा पूर्ण कोरडा आणि बुरशीमुक्त असतानाच लावा. काम टिकून आहे का हे बघायला सांध्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक, दोन-चार मिनिटांत मुरून सांधा गडद झाला तर पुन्हा लावायची वेळ आली.

२२. बेसिनच्या आणि भिंतीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन काळं झालंय, घासून जात नाही.

जाणारही नाही, बुरशी त्याच्या आत वाढलेली असते. कटरने पूर्ण कापून काढा, खालची जागा प्रश्न ७ प्रमाणे साफ करून एक दिवस वाळू द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. चोवीस तास पाणी लागू देऊ नका.

२३. आमच्याकडे जुनी मोरी आहे, शहाबादी फरशीची. वरचंच सगळं लागू पडतं का?

बहुतेक पडतं, एक गोष्ट सोडून. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, त्यांना कोणतंही आम्ल चालत नाही, लिंबूफूलसुद्धा नाही. फरशी पांढुरकी आणि खरबरीत होते. म्हणून प्रश्न १२ मधला उपाय इथे करू नका, क्षार पट्टीने खरवडूनच काढा. जुन्या मोरीत फरश्यांच्या मधल्या दर्जा रुंद असतात, तिथे सिमेंट-वाळूचा माल भरून घेणं ग्राउटपेक्षा बरं.

२४. घर भाड्याचं आहे. खर्च कोणी करायचा?

रोजची साफसफाई आणि वायपर तुमचा. गळती, ढाळ, फुटलेले सांधे, एक्झॉस्टची जागा हे घरमालकाचं काम. राहायला येतानाच सांध्यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, डिपॉझिटच्या वेळी वाद होत नाही. ग्राउट काढण्यासारखं काही करण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या, मेसेजवर मिळाली तरी चालेल.

२५. काळ्या सांध्यांवर पांढरं ग्राउट पेन फिरवलं तर?

साफ करून, वाळवून, मग फिरवलं तर दिसायला बरं दिसतं. बुरशीवरच फिरवलं तर खालून ती रंग फोडून वर येते.

२६. आम्ही कामाला सुरतला असतो, गावाकडचं घर पावसाळाभर बंद असतं. दिवाळीला उघडलं की बाथरूम काळं.

निघायच्या आदल्या दिवशी बाथरूम वापरणं थांबवा, घासा, वायपर मारा आणि रात्रभर पंखा लावून कोरडं करा. बादल्या पालथ्या, ड्रम रिकामे, दार उघडं, जाळी असलेली खिडकी उघडी. पायपुसणं आणि जुने टॉवेल आत सोडू नका. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, म्हणून ट्रॅप पाण्याने भरून वर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर झड उघडल्यावर एखाद्या दिवशी दारं-खिडक्या उघडून ठेवायला सांगा.

परत आल्यावर कोरड्या बुरशीवर लगेच झाडू किंवा ब्रश मारू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी खिडक्या उघडून तासभर बाहेर थांबा, मग नाकातोंडाला मास्क लावा, साबणाच्या पाण्याने भिंत ओली करा आणि ओली असतानाच घासा.